मार खाल्लेल्यांचे बॅरिस्टर

घटनाकार बाबासाहेब आपल्या प्रत्येक वस्तीत भेटतात. बॅरिस्टर बाबासाहेब मात्र जयंतीच्या भाषणातही क्वचितच येतात. अत्याचारग्रस्त कुटुंबांसोबत पोलीस ठाणे, दवाखाना आणि कोर्टाच्या फेऱ्या मारताना आम्हाला याच बाबासाहेबांची जास्त आठवण येते.

१९२२ साली ते लंडनच्या ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले. १९२३ मध्ये मुंबई हायकोर्टात वकिली सुरू केली, तीही मित्र नवल भथेना यांनी सनदेसाठी पैशांची मदत केल्यावर. पण काम कोण देणार? सॉलिसिटर मंडळी अस्पृश्य बॅरिस्टरकडे ब्रीफ पाठवायला तयार नव्हती. मग त्यांनी जिल्ह्यांच्या कोर्टांतली कामे घेतली, बाटलीबॉय यांच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवला. १९२६ मध्ये 'देशाचे दुश्मन' खटल्यात जेधे-जवळकरांना अपिलात सोडवले. १९३४ मध्ये र. धों. कर्व्यांच्या 'समाजस्वास्थ्य'साठी ते उभे राहिले आणि हरले.

पण आम्हाला सांगायचे आहे ते महाडचे.

२० मार्च १९२७. चवदार तळ्याचे पाणी पिऊन लोक मंडपात परतले होते. आता हे वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी अफवा उठली आणि जेवत असलेल्या माणसांवर जमाव लाठ्या घेऊन तुटून पडला. कित्येक जखमी झाले. आपली माणसे संख्येने कमी नव्हती, उलट वार करायला ती तयार होती. बाबासाहेबांनी त्यांना आवरले आणि प्रकरण कायद्याच्या वाटेने नेले. खटला उभा राहिला. नऊ आरोपींपैकी पाच जणांना जूनमध्ये चार महिने सक्तमजुरी झाली.

शिक्षा किरकोळच. पण अस्पृश्यांना मारले म्हणून तुरुंगात जावे लागते, हे कुलाबा जिल्ह्याला कळले. रागाच्या भरात उलट हात उचलला की दुसऱ्या दिवशी क्रॉस केस होते आणि डोके फुटलेलाच आरोपी म्हणून कोर्टात उभा राहतो, हे आम्ही वारंवार पाहतो. गावातले जाणते लोक 'शांत राहा' म्हणतात तेव्हा त्यांना केस मागे घ्यायला हवी असते. बाबासाहेबांनी लोकांना शांत राहायला सांगितले, तडजोड करायला नाही.

समोरचेही कायदा शिकले. १२ डिसेंबर १९२७ रोजी नरहरी दामोदर वैद्य आदींनी तळे आपले खाजगी असल्याचा दिवाणी दावा बाबासाहेब आणि सहकाऱ्यांवर लावला. दोन दिवसांत तात्पुरता मनाई हुकूमही मिळवला. २५ डिसेंबरला तुरुंगाची तयारी करून आलेल्या हजारो लोकांसमोर मनुस्मृती जळाली, पण पुन्हा तळ्यावर जाण्याचा सत्याग्रह मात्र तहकूब करावा लागला. तो निर्णय लोकांच्या गळी उतरवणे सोपे नव्हते. बाबासाहेबांनी ते केले.

मग तारखा सुरू झाल्या. १९३१ मध्ये खालच्या कोर्टात निकाल आपल्या बाजूने लागला. समोरच्यांनी अपील केले, १९३३ मध्ये तेही फेटाळले गेले. पुन्हा अपील, आता हायकोर्टात. मधल्या काळात गोलमेज परिषदा झाल्या, पुणे करार झाला, येवल्याची घोषणा झाली, तरी महाडची केस चालूच होती. तळे नगरपालिकेचे आहे आणि अस्पृश्यांना अडवण्याची रूढी अनादी काळापासूनची असल्याचे सिद्ध झालेले नाही, असा निकाल हायकोर्टाने १७ मार्च १९३७ रोजी दिला.

मंडपातल्या त्या मारहाणीला दहा वर्षे पूर्ण व्हायला तेव्हा तीन दिवस बाकी होते.