संसारात राहून संन्यास : रेव्ह. ना. वा. टिळक

आजचं वाचन : योहान १७:१३-१९



आजच्या उताऱ्यात प्रभू येशू शिष्यांसाठी प्रार्थना करतो. त्यांना जगातून काढून घे, असं तो पित्याला म्हणत नाही. ते जगातच राहोत, पण वाइटापासून राखले जावोत, एवढंच मागतो. मग सगळं सोडून येशूच्या मागे जायचं म्हणजे नेमकं काय?

मंडळीच्या इतिहासात याची वेगवेगळी उत्तरं दिसतात. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठाच्या चार भिंतींत प्रार्थना आणि श्रम यांचं जीवन उभं केलं. तेराव्या शतकात असिसीचा फ्रान्सिस कफल्लक होऊन गावोगाव फिरला. संसारी माणसांसाठीही त्याच्या संघात वेगळी वाट होती. १५४० साली मान्यता मिळालेले इग्नेशियसचे येशूसंघीय शिक्षणात, राजदरबारात, परमुलखात शिरले. त्यांच्यापैकीच फादर स्टीफन्स यांचं मराठी ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यात छापलं गेलं. व्रतं बरीचशी मिळतीजुळती, पण कोणी जगापासून दूर गेला, तर कोणी जगाच्या मधोमध उभा राहिला.

मी नागापूरला राहतो. इथून जवळच, नगर शहरात, याच प्रश्नाशी आयुष्यभर झगडलेला एक माणूस राहून गेला.

नारायण वामन टिळकांचा जन्म १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. १८९५ मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि संसार मोडला. पत्नी लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन माहेरच्या माणसांत राहिल्या. येशूसाठी टिळकांनी जात, नातीगोती सोडली. पण त्याची किंमत लक्ष्मीबाईंनाही मोजावी लागली, हे आपण विसरू नये. काही वर्षांनी त्या नगरला आल्या, आणि १९०० मध्ये त्यांनीही स्वतःच्या निर्णयाने बाप्तिस्मा घेतला.

नगरला टिळक अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम करत, सेमिनरीत शिकवत, ज्ञानोदयाचं काम बघत, अभंग आणि भक्तिगीतं लिहीत. घर कायम भरलेलं असे. बालकवी ठोंबरेसुद्धा काही काळ त्यांच्याकडे राहिले.

आणि १९१७ मध्ये टिळकांनी मिशनचं काम सोडून संन्यास घेतला. आपल्या लोकांना येशू परका वाटतो, कारण आपण तो परदेशी पगाराच्या आणि संस्थेच्या चौकटीतून दाखवतो, ही सल त्यांच्या मनात होती. साताऱ्याला त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे शिष्य म्हणून जागा होती.

पण या वेळी घर तुटलं नाही! लक्ष्मीबाई सोबत होत्या. टिळकांनी सोडली ती पगाराची हमी. माणसं सोडली नाहीत. मला वाटतं, १८९५ आणि १९१७ मधला हा फरक त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा धडा आहे.

दोन वर्षंही झाली नाहीत तोच, ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. ख्रिस्तायन अपुरं राहिलं. ते पुढे लक्ष्मीबाईंनी नेलं. दरबारही फार टिकला नाही. पण १९२२ मध्ये नगरलाच जॅक विन्स्लो यांनी ख्रिस्त सेवा संघ हा आश्रम सुरू केला. त्याच विन्स्लोंनी टिळकांचं चरित्रही लिहिलं.

आपल्यापैकी बहुतेक जण मठात जाणार नाही. ईएमआय आहे, डेडलाइन आहे, घरी आईबाबा आहेत. मग आपला संन्यास कुठला? मी रोज कोडिंग करतो, महिन्याला पगार घेतो, आणि त्यात मला काही पाप दिसत नाही. पण तो पगार थांबेल या भीतीने मी कुठे गप्प बसतो, हे मात्र तपासायला हवं. सोडायची ती बहुधा हीच भीती. आणि धरून ठेवायची ती आपली माणसं.

आज पाच मिनिटं शांत बसा आणि स्वतःला विचारा : मी देवासाठी काय सोडतोय, आणि त्याची किंमत दुसरं कोणी तर मोजत नाही ना?

प्रार्थना : प्रभू, आम्हाला जगात ठेव, पण जगाच्या धाकात ठेवू नकोस. आमेन.