आरोग्याची उपासिका

रोग जडल्यावर वैद्याकडे धाव घेणारी माणसे पुष्कळ असतात. परंतु रोग जडूच नये म्हणून रोजच्या रोज दक्ष राहणारी थोडीच. शुद्ध हवा, निर्मळ पाणी, सूर्यप्रकाश, धुतलेले हात आणि झाडलेले घर या गोष्टी इतक्या साध्या आहेत, की त्यांच्यात प्राण वाचविण्याचे सामर्थ्य असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. हे सामर्थ्य जगाला पटवून देण्यासाठी जिने आपले आयुष्य वेचले, त्या फ्लॉरेन्स नाइटिंगेलचे नाव आज सर्वतोमुखी आहे. हाती दिवा घेऊन रुग्णांमधून फिरणारी परिचारिका म्हणून सारे तिला ओळखतात. परंतु तिच्या कार्याचा मोठा भाग त्या दिव्याच्या प्रकाशाबाहेरच राहिला आहे.

फ्लॉरेन्सचा जन्म १२ मे १८२० रोजी झाला. तिचे आईवडील इंग्लंडमधील सधन गृहस्थ. ते इटलीत प्रवास करीत असता फ्लॉरेन्स नगरीत ही कन्या जन्मली, म्हणून त्या नगरीचेच नाव तिला देण्यात आले. त्या काळी मुलींना उच्च शिक्षण देण्याची प्रथा नव्हती. परंतु तिच्या वडिलांनी आपल्या दोन्ही मुलींना घरीच ग्रीक, लॅटिन, इतिहास आदी विषय शिकविले. फ्लॉरेन्सचा ओढा गणिताकडे विशेष होता. आकड्यांचे तक्ते पाहण्यात, ते मांडण्यात आणि त्यांतून अर्थ काढण्यात ती रमून जाई. ही आवड पुढे लक्षावधी लोकांच्या उपयोगी पडणार होती.

घरी कशाचीच वाण नव्हती. मेजवान्या, नृत्यसमारंभ, प्रवास यांत दिवस जात. परंतु फ्लॉरेन्सचे मन त्यांत लागेना. आपला जन्म कोणत्या तरी सेवाकार्यासाठी आहे, अशी तिची लहानपणापासून श्रद्धा होती. रुग्णांची शुश्रूषा हेच ते कार्य, असे तिने मनाशी ठरविले, तेव्हा घरात जणू वीज कोसळली. त्या काळची रुग्णालये घाण आणि दुर्गंधीने भरलेली असत. तेथे काम करणाऱ्या स्त्रिया बहुधा अशिक्षित असत आणि त्यांच्यापैकी अनेकींना मद्याचे व्यसन असे. कुलीन घरातील मुलीने तेथे पाऊल ठेवावे, हे आईला व बहिणीला सहन होण्यासारखे नव्हते. विरोधाची ही वर्षे फ्लॉरेन्सने वाया घालविली नाहीत. घरची माणसे जागी होण्यापूर्वी पहाटे उठावे, मेणबत्तीच्या उजेडात निरनिराळ्या रुग्णालयांचे अहवाल वाचावे, त्यांतील माहितीची टिपणे करावी, असा तिने परिपाठ ठेवला. १८५१ मध्ये तिला जर्मनीतील कैसरवेर्थ येथील संस्थेत रुग्णसेवेचे शिक्षण घेता आले. १८५३ मध्ये लंडनमधील एका लहानशा रुग्णालयाची व्यवस्था तिच्याकडे आली. तेव्हा ती तेहतीस वर्षांची होती.

पुढच्याच वर्षी क्रिमियाच्या युद्धात इंग्लंड उतरले. रशियाविरुद्ध लढणाऱ्या ब्रिटिश सैन्यातील घायाळ व आजारी शिपाई जहाजातून काळ्या समुद्रापलीकडे, कॉन्स्टँटिनोपलजवळील स्कुटारी या गावी आणले जात. तेथे त्यांचे अतोनात हाल होत असल्याच्या वार्ता वृत्तपत्रांतून येऊ लागल्या आणि सारा देश हळहळला. युद्धखात्याचे मंत्री सिडनी हर्बर्ट यांचा फ्लॉरेन्सशी स्नेह होता. त्यांच्या विनंतीवरून अडतीस परिचारिकांचे पथक घेऊन ती निघाली आणि ४ नोव्हेंबर १८५४ रोजी स्कुटारीस पोहोचली.

तुर्की सैन्याच्या एका प्रचंड बराकीत हे रुग्णालय थाटलेले होते. तिच्या दालनांतून खाटांच्या आणि अंथरुणांच्या रांगाच रांगा लागलेल्या होत्या. अंगावरचे कपडे रक्ताने व चिखलाने माखलेले. बदलावयास सदरा नाही, धुण्यास पाणी नाही. साबण, पंचे, भांडी, पट्ट्या सर्वच वस्तूंचा तुटवडा. खिडक्या बंद आणि हवा कोंदटलेली. जमिनीखालून जाणारी गटारे तुंबलेली होती आणि त्यांतून निघणारी दुर्गंधी वरच्या दालनांत भरून राही. जखमांपेक्षा अतिसार, विषमज्वर आणि पटकी यांनीच शिपाई अधिक मरत होते.

फ्लॉरेन्सने कंबर कसली. तिच्याजवळ जमलेल्या निधीतून तिने सदरे, साबण, ब्रश आणि भांडी विकत घेतली. जवळच एक घर भाड्याने घेऊन तेथे पाणी तापविण्याची सोय केली आणि शिपायांच्या बायकांना कपडे धुण्याच्या कामी लावले. आजाऱ्यांना पचेल असे हलके अन्न शिजविण्यासाठी तिने वेगळी स्वयंपाकघरे उघडली. दिवसभराची कामे आटोपल्यावर रात्री हाती दिवा घेऊन ती एकेका दालनातून फिरे, रुग्णांची विचारपूस करी, त्यांच्या घरी पत्रे लिही. त्या दिव्याच्या उजेडाने व्याकूळ शिपायांना धीर येई. याच काळात ती दीपधारिणी म्हणून सर्वत्र प्रसिद्ध झाली.

परंतु एवढे करूनही मृत्यू हटला नाही. त्या हिवाळ्यात स्कुटारीत चार हजारांहून अधिक शिपाई मरण पावले. १८५५ च्या फेब्रुवारीत तर रुग्णालयातील दर शंभर रुग्णांमागे सुमारे बेचाळीस दगावले. मार्च महिन्यात इंग्लंडहून आरोग्याच्या पाहणीसाठी एक मंडळ तेथे आले. त्यात डॉक्टर जॉन सदरलंड आणि रॉबर्ट रॉलिन्सन नावाचे स्थापत्यविशारद होते. त्यांनी औषधांच्या कपाटाकडे नव्हे, तर इमारतीच्या पायाकडे पाहिले. गटारे उपसून धुऊन काढण्यात आली, पाचशेहून अधिक हातगाड्या व टोपल्या भरून केरकचरा हलविण्यात आला, आवारातील मेलेली जनावरे पुरण्यात आली, भिंतींना चुना दिला, छपरांना व खिडक्यांना झरोके पाडले. पाण्याच्या वाटा साफ केल्या. त्याचा परिणाम असा झाला, की जून महिन्यात मृत्यूचे प्रमाण शेकडा दोनच्या आसपास उतरले. औषधे तीच होती, परिचारिका त्याच होत्या. बदलली होती ती हवा, पाणी आणि जमीन.

युद्ध संपल्यावर १८५६ मध्ये फ्लॉरेन्स मायदेशी परतली. तिच्या स्वागताची मोठी तयारी चालली होती. परंतु ती नाव बदलून, कोणास न कळविता, गुपचूप आपल्या घरी आली. मानसन्मानात तिला गोडी वाटत नव्हती. एवढे शिपाई का मेले, हा एकच प्रश्न तिला छळत होता. प्रारंभी तिची अशी समजूत होती, की शिपाई रुग्णालयात उशिरा आणले गेले, त्यांना पुरेसे अन्न व वस्त्र मिळाले नाही, म्हणून ते दगावले. विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाच्या साहाय्याने तिने मृत्यूंच्या नोंदी तपासण्यास आरंभ केला. आकड्यांनी निराळेच उत्तर दिले. रणभूमीजवळच्या छावण्यांपेक्षाही स्कुटारीच्या रुग्णालयात माणसे अधिक प्रमाणात मेली होती. ज्या इमारतीत तिने अहोरात्र शुश्रूषा केली, त्या इमारतीची घाणच रुग्णांचा घात करीत होती.

हे सत्य पचविणे किती कठीण! सारा देश तिची स्तुती गात होता. तिने गप्प राहायचे ठरविले असते, तर तिला कोणी दोष दिला नसता. परंतु तिने मनाची खोटी समजूत घातली नाही. उलट, तेच आकडे घेऊन ती राज्यकर्त्यांपुढे उभी राहिली. तक्ते वाचण्याचा कंटाळा करणाऱ्यांनाही समजावे म्हणून तिने १८५८ मध्ये मृत्यूंच्या कारणांचे रंगीत चक्राकार आलेख काढले. त्यांत टाळता येण्याजोग्या रोगांनी मेलेल्यांचा भाग एवढा मोठा दिसे, की जखमांनी मेलेल्यांचा भाग त्यापुढे अगदी लहान वाटे. शांततेच्या काळात, इंग्लंडमधील बराकींत राहणारे तरुण शिपाईसुद्धा त्याच वयाच्या इतर नागरिकांच्या जवळजवळ दुप्पट प्रमाणात मरतात, हेही तिने दाखवून दिले. त्यानंतर बराकींत वायुवीजन, गटारे व पाणी यांच्या सुधारणा सुरू झाल्या.

क्रिमियात असताना फ्लॉरेन्सला भयंकर ताप आला होता. दुधावाटे पसरणाऱ्या एका जंतुज्वराचा तो प्रकार असावा, असे आज मानले जाते. त्यातून ती वाचली, परंतु पुढील अनेक वर्षे तिला अंथरुणाला खिळून काढावी लागली. त्या अंथरुणावरूनच तिने हजारो पत्रे, अहवाल आणि पुस्तके लिहिली. त्यांतील सर्वांत लोकप्रिय पुस्तक रुग्णसेवेविषयीचे होते. ते विशेषेकरून घरोघरच्या स्त्रियांसाठी लिहिलेले होते. कारण घरात कोणी ना कोणी केव्हा तरी आजारी पडतेच आणि त्याची काळजी घरच्या बाईलाच वाहावी लागते, हे ती जाणून होती. १८६१ मध्ये श्रमिक कुटुंबांसाठी तिने त्याची वेगळी आवृत्ती काढली आणि तीत तान्ह्या मुलांच्या संगोपनावर एक प्रकरण घातले.

घर निरोगी राहण्यासाठी शुद्ध हवा, शुद्ध पाणी, सांडपाण्याचा नीट निचरा, स्वच्छता आणि उजेड या पाच गोष्टी अवश्य आहेत, हे त्या पुस्तकाचे सार होय. रात्रीची हवा बाधते म्हणून खिडक्या घट्ट लावून झोपण्याची तेव्हा सर्वत्र रीत होती. रात्री रात्रीचीच हवा मिळणार. खोली बंद केल्याने ती शुद्ध होत नाही, उलट श्वासाने अधिकच दूषित होते, हे तिने समजावून दिले. कोरड्या फडक्याने धूळ झटकली, तर ती नाहीशी न होता एका जागेवरून उडून दुसऱ्या जागी बसते. म्हणून ओल्या फडक्याने पुसावे, असे तिचे सांगणे होते. अंथरूण-पांघरुणात शरीराचा ओलावा मुरतो, म्हणून ती वरचेवर मोकळ्या हवेत पसरावीत. मोऱ्या तुंबू देऊ नयेत. शुश्रूषा करणाऱ्याने दिवसातून अनेकदा हात धुवावेत. आजाऱ्यास एकाच वेळी पुष्कळ अन्न देण्याऐवजी थोडे थोडे व वेळच्या वेळी द्यावे. रोपटे जसे उजेडाकडे वळते, तसा आजारी मनुष्यही खिडकीकडे तोंड करून निजतो, हे तिच्या सूक्ष्म नजरेने टिपले होते. म्हणून रुग्णाची खाट ऊन येणाऱ्या खोलीत असावी, असा तिचा आग्रह असे.

या सूचनांपैकी एकीलाही फारसा खर्च येत नाही. त्यांसाठी लागते ती नियमितपणाची सवय. सूक्ष्म जंतूंमुळे रोग पसरतात, हे ज्ञान तेव्हा सर्वमान्य झाले नव्हते. दूषित हवेमुळेच रोग होतात अशी फ्लॉरेन्सचीही समजूत होती आणि जंतूंविषयीचा नवा सिद्धान्त स्वीकारण्यास तिने पुष्कळ काळ घेतला. तरीही तिने सांगितलेल्या सवयी खऱ्या ठरल्या. कारण त्या कोरड्या तर्कातून नव्हे, तर निरीक्षणातून आणि मोजणीतून निघाल्या होत्या. स्वच्छ पाणी, धुतलेले हात आणि वाहती गटारे जंतूंनाही थारा देत नाहीत, हे पुढील संशोधनाने सिद्ध केले.

भारतात फ्लॉरेन्स कधीच आली नाही; परंतु या देशाच्या आरोग्याचा ध्यास तिने अनेक वर्षे घेतला. येथील ब्रिटिश सैन्याच्या आरोग्याची चौकशी करण्यासाठी १८५९ मध्ये एक आयोग नेमण्यात आला. ठिकठिकाणच्या छावण्यांतून मागविलेल्या माहितीचे ढीग तिने अंथरुणावर पडून तपासले. दर हजार शिपायांमागे वर्षाला ६९ मृत्यू होत असल्याचे त्या चौकशीत उघडकीस आले. गढूळ पाणी, निचऱ्याचा अभाव आणि दाटीवाटीच्या बराकी ही त्याची मुख्य कारणे होती. आयोगाचा अहवाल १८६३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढील वर्षी बंगाल, मद्रास व मुंबई या तिन्ही इलाख्यांत आरोग्यमंडळे स्थापन झाली. केवळ शिपायांचा विचार करून तिचे समाधान होत नसे. खेड्यापाड्यांतील रयतेला शुद्ध पाणी मिळाल्यावाचून देशाचे आरोग्य सुधारणार नाही, हे तिने ओळखले होते. उतारवयात ग्रामस्वच्छतेसंबंधी तिने पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही पत्रव्यवहार केला.

लोकांनी कृतज्ञतेने जमविलेल्या निधीतून १८६० मध्ये लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात परिचारिकांचे विद्यालय सुरू झाले. जो व्यवसाय एके काळी हीन गणला जाई, त्याला या विद्यालयाने शिस्त, ज्ञान आणि प्रतिष्ठा मिळवून दिली. तेथे शिकलेल्या परिचारिका देशोदेशी गेल्या. १९०७ मध्ये ब्रिटनच्या राजाने फ्लॉरेन्सला ऑर्डर ऑफ मेरिट हा बहुमान दिला. हा मान मिळविणारी ती पहिलीच स्त्री होय. १३ ऑगस्ट १९१० रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, तिची प्राणज्योत मालवली. तिच्या इच्छेप्रमाणे कोणताही राजेशाही थाट न करता खेड्यातील साध्या दफनभूमीत तिला चिरविश्रांती देण्यात आली. तिचा जन्मदिवस, १२ मे, हा परिचारिका दिन म्हणून जगभर पाळला जातो.

मोठ्या रोगांशी लढण्यासाठी मोठी साधने लागतात, हे खरे. परंतु त्या रोगांना दाराबाहेर ठेवण्याचे काम लहान लहान सवयीच करीत असतात. सकाळी उघडलेली खिडकी, जेवणापूर्वी धुतलेले हात, झाकून ठेवलेले पाणी, उन्हात घातलेले अंथरूण आणि वाहती मोरी, एवढी शिस्त ज्या घरी नित्य पाळली जाते, तेथे फ्लॉरेन्स नाइटिंगेलचे कार्य आजही चालू आहे, असे म्हटले पाहिजे.