एर्विन रोमेल

एर्विन योहानेस ऑइगेन रोमेल (१५ नोव्हेंबर, इ.स. १८९१:हायडेनहाइम, व्युर्टेंबर्ग, जर्मन साम्राज्य - १४ ऑक्टोबर, इ.स. १९४४:हेर्लिंगेन, जर्मनी) हा जर्मन भूदलातील फील्ड मार्शल होता. दुसऱ्या महायुद्धातील उत्तर आफ्रिकेच्या मोहिमेमुळे तो वाळवंटी कोल्हा या टोपणनावाने प्रसिद्ध झाला. पहिल्या महायुद्धात पूर ल मेरित आणि दुसऱ्या महायुद्धात ओकची पाने, तलवारी व हिरे यांसह नाइट्स क्रॉस असे दोन्ही युद्धांतील अत्युच्च सन्मान मिळालेल्या मोजक्या अधिकाऱ्यांत त्याची गणना होते. मात्र त्याच्या कीर्तीचा बराच भाग नाझी प्रचारयंत्रणेने घडवलेला होता. त्यामुळे त्याची पदके कोणत्या लढाईसाठी मिळाली हे पाहताना ती कोणी व कोणत्या वेळी दिली, हेही अभ्यासकांना तपासावे लागते.

पूर्वायुष्य

रोमेलचे वडील शिक्षक होते व पुढे आलेन येथील शाळेचे मुख्याध्यापक झाले. घराण्यात नाव घेण्याजोगी लष्करी परंपरा नव्हती. त्या काळी जर्मन सैन्यातील वरच्या हुद्द्यांवर सरदार घराण्यांचे वर्चस्व असल्याने ही बाब महत्त्वाची ठरते. इ.स. १९१०मध्ये तो वाइनगार्टेन येथील १२४व्या इन्फन्ट्री रेजिमेंटमध्ये दाखल झाला. डान्झिग येथील लष्करी शाळेतील प्रशिक्षणानंतर जानेवारी १९१२मध्ये तो लेफ्टनंट झाला. डान्झिगमध्येच त्याची लुसी मोलिन हिच्याशी ओळख झाली व इ.स. १९१६मध्ये त्यांचा विवाह झाला. त्यांचा मुलगा मान्फ्रेड पुढे दोन दशकांहून अधिक काळ श्टुटगार्टचा महापौर होता.

पहिले महायुद्ध व पूर ल मेरित

२२ ऑगस्ट १९१४ रोजी बेल्जियममधील ब्लेद या खेड्यात रोमेलने पहिली लढाई अनुभवली. सप्टेंबरमध्ये वारेन येथे त्याच्या मांडीला गोळी लागली आणि त्याला दुसऱ्या श्रेणीचा आयर्न क्रॉस मिळाला. पुढच्या वर्षी आर्गोनच्या जंगलातील चढाईबद्दल पहिल्या श्रेणीचा आयर्न क्रॉस मिळाला. इ.स. १९१५च्या शरद ऋतूत त्याची बदली नव्याने उभारलेल्या व्युर्टेंबर्ग पर्वतीय बटालियनमध्ये झाली. या तुकडीसह तो व्होज पर्वतात, रोमेनियात आणि अखेर इटलीच्या आघाडीवर लढला.

इसोंझोची बारावी लढाई, अर्थात कापोरेत्तोची लढाई, २४ ऑक्टोबर १९१७ रोजी सुरू झाली. कोलोवरात डोंगररांगेवरील इटालियन फळी बव्हेरियन तुकड्या समोरून फोडू पाहत असताना रोमेलने बाजूने वाट काढून तिच्या पिछाडीला धडक दिली. मातायूर शिखराजवळ पोहोचल्यावर त्याला माघारीचा हुकूम आला. कैद्यांची प्रचंड संख्या पाहून डोंगर हाती आलाच आहे, असा त्याचा वरिष्ठ मेजर थिओडोर श्प्रोसर याचा समज झाला होता. रोमेलने हा हुकूम बाजूला ठेवला आणि सुमारे शंभर शिपाई व सहा मशीनगन यांनिशी चढाई सुरू ठेवली. २६ ऑक्टोबर रोजी त्याने शिखर घेतले. सुमारे ५२ तासांच्या या चढाईत त्याच्या हाती ९,००० कैदी व ८१ तोफा लागल्या. त्याच्या तुकडीचे ६ सैनिक ठार व ३० जखमी झाले. हे आकडे मुख्यतः रोमेलच्याच वृत्तान्तातून आले आहेत.

पूर ल मेरित हा प्रशियाचा सन्मान इ.स. १७४०मध्ये फ्रीडरिश दुसरा याने सुरू केला होता. कनिष्ठ अधिकाऱ्याला तो क्वचितच मिळे. जर्मन सेनापती ऑटो फोन बेलो याने मातायूरवर प्रथम पोहोचणाऱ्या अधिकाऱ्याला हे पदक देण्याचे जाहीर केले होते. प्रत्यक्षात शेजारचे शिखर घेणाऱ्या वाल्टर श्नीबर या लेफ्टनंटला ते चुकीने दिले गेले. कोलोवरातवरील १११४ क्रमांकाच्या टेकडीचे श्रेय घेऊन बव्हेरियन रेजिमेंटच्या फेर्डिनांड श्योर्नर यानेही ते मिळवले. श्योर्नर पुढे फील्ड मार्शल झाला. रोमेलने दोन्ही निर्णयांविरुद्ध तक्रार केली. अखेर डिसेंबर १९१७मध्ये त्याला व श्प्रोसरला हे पदक मिळाले. पुढे आफ्रिकेतही ते त्याच्या गळ्यात असे. श्रेयाचा हा वाद मात्र त्याच्या मनातून गेला नाही आणि इ.स. १९३७मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या युद्धविषयक पुस्तकात या लढाईला मोठी जागा मिळाली.

या काळातील नोंदी आज तपासता येतात, त्यामागे एक योगायोग आहे. प्रशियाच्या सैन्याचे पॉट्सडाम येथील दफ्तर एप्रिल १९४५मधील बाँबहल्ल्यात जवळजवळ संपूर्ण नष्ट झाले. व्युर्टेंबर्गच्या सैन्याचे दफ्तर श्टुटगार्ट येथे स्वतंत्र असल्याने वाचले. प्रशियन रेजिमेंटमधील त्याच्या अनेक समकालीनांची सेवापुस्तके अशी उपलब्ध नाहीत.

दोन युद्धांमधील काळ

युद्धानंतर रोमेल मर्यादित आकाराच्या जर्मन सैन्यात टिकून राहिला. ड्रेसडेनच्या पायदळ शाळेत तो प्रशिक्षक होता. गोसलार येथे बटालियनचा प्रमुख असताना इ.स. १९३४मध्ये त्याची अ‍ॅडॉल्फ हिटलरशी भेट झाली. हिटलरला त्याचे पुस्तक आवडले. सुडेटनलँड, प्राग व पोलंड येथील दौऱ्यांत हिटलरच्या संरक्षक तुकडीचे नेतृत्व रोमेलकडे होते. तो नाझी पक्षाचा सभासद कधीच नव्हता, पण त्याची पुढील बढती या निकटतेवाचून समजत नाही. चिलखती दलाचा कोणताही अनुभव नसताना फेब्रुवारी १९४०मध्ये त्याला ७वी पँझर डिव्हिजन मिळाली.

फ्रान्स

मे १९४०मध्ये या डिव्हिजनने दिनांजवळ म्यूज नदी ओलांडली व विलक्षण वेगाने समुद्रापर्यंत मजल मारली. ती नेमकी कोठे आहे हे जर्मन मुख्यालयालाही अनेकदा कळत नसे, म्हणून तिला भुतांची डिव्हिजन असे नाव पडले. याच मोहिमेत फ्रेंच सैन्यातील आफ्रिकी कैद्यांना ठार केल्याचे आरोप तिच्या काही तुकड्यांवर आहेत. मोहीम चालू असतानाच हिटलरच्या वतीने रोमेलला नाइट्स क्रॉस देण्यात आला. तो त्याच्या हाती देणारा कार्ल हांके हा प्रचारमंत्री गोबेल्सच्या खात्यातला अधिकारी असून तेव्हा रोमेलच्याच हाताखाली होता. पुढे रोमेलने हांकेसाठी याच पदकाची शिफारस केली आणि दोघांचे बिनसल्यावर ती मागे घेतली.

उत्तर आफ्रिका

१२ फेब्रुवारी १९४१ रोजी रोमेल त्रिपोलीत उतरला. पराभूत इटालियन सैन्याला आधार देणे एवढेच त्याचे काम होते, परंतु त्याने लगेच चढाई केली. मार्चमध्ये फ्रान्समधील कामगिरीबद्दल ओकची पाने व जानेवारी १९४२मध्ये तलवारी त्याच्या नाइट्स क्रॉसला जोडल्या गेल्या. इटलीनेही त्याला लष्करी शौर्याचे रौप्यपदक दिले.

त्याच्यासमोरच्या ब्रिटिश आठव्या सैन्यात भारतीय सैनिक मोठ्या संख्येने होते. २० जून १९४२च्या पहाटे तोब्रुकवर अंतिम हल्ला झाला, तेव्हा आग्नेय बाजू ११व्या भारतीय ब्रिगेडकडे होती. हवाई बाँबफेकीनंतर जर्मन रणगाडे व पायदळ ५व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या दुसऱ्या बटालियनच्या मोर्च्यावरून आत घुसले. दुसऱ्या दिवशी तोब्रुक पडले आणि सुमारे ३३,००० सैनिक कैद झाले. या विजयाबद्दल रोमेलला ५०व्या वर्षी फील्ड मार्शल करण्यात आले.

हाच त्याच्या कारकिर्दीचा कळस होता. इंधन व रसद यांच्या टंचाईने त्याचे सैन्य एल अलामेन येथे अडले आणि नोव्हेंबर १९४२मध्ये बर्नार्ड माँटगोमेरीने त्याचा पराभव केला. जागा न सोडण्याचा हिटलरचा हुकूम रोमेलने आधी पाळला व नंतर माघार घेतली. इजिप्त जर्मनीच्या हाती पडल्यास तेथील व पॅलेस्टाइनमधील ज्यूंच्या हत्येसाठी एसएसचे पथक तयार ठेवलेले होते. अलामेनच्या निकालामुळे ते तेथे पोहोचू शकले नाही. वाळवंटातील युद्ध निर्मळ होते या समजाला ही वस्तुस्थिती छेद देते.

९ मार्च १९४३ रोजी रोमेलने आफ्रिका कायमची सोडली आणि दोनच दिवसांनी त्याला हिरे देण्यात आले. हा सन्मान मिळवणारा तो सहावा व भूदलातील पहिला अधिकारी होता. आधीचे पाचही जण वैमानिक होते. हरलेल्या मोहिमेच्या अखेरीस आलेले हे पदक लढाईतील यशापेक्षा सेनापतीची प्रतिमा जपण्यासाठी होते, असे मानण्यास जागा आहे. तो आफ्रिकेत नाही ही गोष्ट काही काळ जनतेपासून लपवून ठेवण्यात आली. मे महिन्यात ट्युनिसियातील सैन्याने शरणागती पत्करली.

नॉर्मंडी व मृत्यू

इ.स. १९४३च्या अखेरीपासून रोमेलकडे अटलांटिक किनाऱ्याच्या संरक्षणाची पाहणी आली. त्याने लक्षावधी सुरुंग व अडथळे बसवले. फेब्रुवारी १९४४मध्ये त्याने फ्रान्समध्ये तैनात असलेल्या, सुभाषचंद्र बोस यांच्या पुढाकाराने उभारलेल्या आझाद हिंद लीजनची पाहणी केली. ६ जून रोजी दोस्त सैन्य नॉर्मंडीत उतरले, तेव्हा तो पत्नीच्या वाढदिवसासाठी घरी गेला होता. १७ जुलै रोजी विमानातून झालेल्या गोळीबारात त्याच्या कवटीला गंभीर इजा झाली.

तीन दिवसांनी हिटलरच्या हत्येचा प्रयत्न फसला. पकडलेल्यांच्या जबान्यांत रोमेलचे नाव आले. कटवाल्यांशी त्याचा संपर्क होता आणि पश्चिमेकडील युद्ध थांबवावे असे त्याचे मत झाले होते. हत्येला त्याची संमती होती की नाही, याबद्दल इतिहासकारांत मतभेद आहेत. १४ ऑक्टोबर रोजी बुर्गडोर्फ व मायसेल हे दोन जनरल हेर्लिंगेन येथील घरी आले. विष घेतल्यास कुटुंबाला त्रास होणार नाही, अन्यथा खटला चालेल, असा पर्याय त्यांनी ठेवला. रोमेलने पत्नी व १५ वर्षांच्या मुलाचा निरोप घेतला आणि गावाबाहेर मोटारीत सायनाइड घेतले.

जुन्या जखमांमुळे मृत्यू झाल्याचे सरकारने जाहीर केले. १८ ऑक्टोबर रोजी उल्म येथे सरकारी इतमामात अंत्यसंस्कार झाले. शवपेटीसोबत त्याची सर्व पदके उशीवर मांडून नेण्यात आली. फील्ड मार्शल फोन रुंडश्टेट याने हिटलरच्या वतीने भाषण केले. ज्या राजवटीने मरण लादले तिनेच मांडलेल्या त्या पदकांसमोर खरे कारण ठाऊक असलेली पत्नी व मुलगा गप्प उभे होते.

युद्धोत्तर प्रतिमा

रोमेलचे पहिले गाजलेले चरित्र इ.स. १९५०मध्ये डेस्मंड यंग याने लिहिले. भारतीय सैन्यातील हा ब्रिटिश अधिकारी इ.स. १९४२मध्ये आफ्रिकेत जर्मनांचा कैदी झाला होता. त्यावर पुढच्या वर्षी चित्रपट निघाला. शीतयुद्धात पश्चिम जर्मनीला नवे सैन्य उभारायचे होते आणि राजकारणापासून अलिप्त, सभ्य सेनापती ही प्रतिमा ब्रिटन व जर्मनी दोघांनाही सोयीची होती. इ.स. १९५७च्या कायद्याने स्वस्तिक वगळलेली युद्धकालीन पदके वापरण्यास परवानगी मिळाली. पश्चिम जर्मन आरमाराच्या एका विनाशिकेला आणि आउगुस्टडोर्फ येथील छावणीला रोमेलचे नाव देण्यात आले.

हायडेनहाइम येथे इ.स. १९६१मध्ये त्याचे स्मारक उभारले गेले. ते काढावे की ठेवावे यावर अनेक वर्षे वाद चालला. इ.स. २०२०मध्ये स्मारक न हलवता त्याच्यापुढे सुरुंगाने अपंग झालेल्या माणसाचे शिल्प बसवण्यात आले. एल अलामेनच्या परिसरात दोन्ही सैन्यांनी पेरलेल्या सुरुंगांनी युद्ध संपल्यावरही अनेक दशके माणसे जखमी होत राहिली.