केंद्राविना जाळे विणणारा अभियंता

घरभर वाय-फाय पोहोचावे म्हणून ‘मेश’ या नावाने विकली जाणारी छोटी यंत्रे आता शहरांतील अनेक घरांत दिसतात. ही यंत्रे एकमेकांशी बिनतारी संधान बांधतात आणि आलेला निरोप हातोहात पुढे सरकवतात. मधले एखादे बंद पडले, तर उरलेली आपसांत दुसरी वाट शोधतात. या रचनेमागचा विचार साठ वर्षांहून जुना आहे. तो अणुयुद्धाच्या भयातून जन्माला आला आणि तो मांडणाऱ्या पॉल बॅरन यांना स्वतःच्याच हाताने बासनात बांधून ठेवावा लागला.

बॅरन यांचा जन्म २९ एप्रिल १९२६ रोजी ग्रॉड्नो येथे झाला. हे गाव तेव्हा पोलंडमध्ये होते, आज ते बेलारूसमध्ये आहे. १९२८ मध्ये कुटुंब अमेरिकेत आले आणि पुढे फिलाडेल्फियात वडिलांनी किराणा मालाचे दुकान थाटले. तेथेच ड्रेक्सेल संस्थेतून १९४९ मध्ये विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेऊन बॅरन एकर्ट-मॉकली या कंपनीत दाखल झाले. युनिव्हॅक हा आरंभीच्या काळातील प्रसिद्ध संगणक तेथे घडत होता. १९५५ मध्ये विवाहानंतर ते लॉस एंजलिसला गेले, ह्यूज एअरक्राफ्टमध्ये रडारच्या माहितीप्रणालीवर काम करू लागले आणि नोकरी सांभाळून त्यांनी १९५९ मध्ये पदव्युत्तर पदवी मिळवली. त्याच वर्षी ते सांता मोनिका येथील रँड कॉर्पोरेशनमध्ये रुजू झाले. अमेरिकी हवाई दलासाठी संशोधन करणारी ही संस्था होती.

त्या काळी अमेरिकेची दूरध्वनी व्यवस्था मोजक्या मोठ्या केंद्रांवर उभी होती. ती केंद्रे पहिल्याच हल्ल्यात नष्ट झाली, तर सेनापतींचा आदेश तळांपर्यंत पोहोचणेच अशक्य होते. यातला खरा धोका वेगळाच होता. आपला आवाज बंद पडेल, ही भीती ज्याला असते, तो आधीच कळ दाबून मोकळा होण्याची शक्यता वाढते. पहिला घाव सोसूनही टिकणारे संदेशवहन उभे राहिले, तर ही घाई टळेल, असे बॅरन यांना वाटत होते. शस्त्रांच्या भाऊगर्दीत हा विचार करणारी माणसे थोडी होती.

त्यांची पहिली योजना बिनतारीच होती. गावोगावची छोटी रेडिओ केंद्रे एकमेकांचा निरोप ऐकून पुढे पाठवतील, अशी ती कल्पना. लष्करी अधिकाऱ्यांना मात्र एवढ्याशा क्षमतेने समाधान होणार नव्हते. मग बॅरन यांनी प्रश्न नव्याने मांडला. कोळ्याच्या जाळ्याला जसा मुख्य धागा नसतो, तसे प्रत्येक गाठ शेजारच्या गाठींशी जोडलेले जाळे त्यांनी कल्पिले. संगणकावर त्यांनी अशा जाळ्यातील गाठी एकेक करून तोडून पाहिल्या. प्रत्येक गाठीला तीन ते चार जोडण्या असल्या, तरी निम्म्याअधिक गाठी गमावूनही उरलेल्यांचा संपर्क टिकतो, असे आढळले. अतिशय महाग व अभेद्य यंत्रांची गरज नव्हती. स्वस्त आणि अधूनमधून बिघडणारी यंत्रेही चालणार होती.

निरोपाचे १०२४ बिटांचे सारख्या आकाराचे तुकडे करायचे, प्रत्येकावर पत्ता लिहायचा आणि सोडून द्यायचे. हातात आलेला तप्त बटाटा जसा झटकन शेजाऱ्याकडे टाकावा, तसा प्रत्येक गाठीने तो तुकडा त्या क्षणी मोकळ्या असलेल्या सर्वांत चांगल्या वाटेवर ढकलायचा. वाट कोणती, हे सांगणारा मुकादम कोणी नाही. तुकड्यावर तो किती हातांतून आला, याची संख्या नोंदलेली असे. येणाऱ्या वाहतुकीवरून प्रत्येक गाठ स्वतःच शिके की, अमुक ठिकाण कोणत्या बाजूने जवळ आहे. आजच्या मेश जाळ्यांतील मार्गनिवडीची रीत पुष्कळ पुढे गेली असली, तरी मुळात ती हीच. १९६४ मध्ये रँडने हे सारे संशोधन अनेक खंडांत प्रसिद्ध केले.

आणि मग सुरू झाली ती दारोदार फिरती. दूरध्वनी क्षेत्रात एकाधिकार गाजवणाऱ्या एटी अँड टी कंपनीच्या अभियंत्यांना ही कल्पना पटली नाही. बोलणाऱ्या दोघांमध्ये अखंड तार हवी, या समजुतीत त्यांची हयात गेली होती. हवाई दल अनुकूल होते. परंतु संरक्षण खात्याने काम सोपवायचे ठरवले ते डिजिटल तंत्राचा अनुभव नसलेल्या संरक्षण दळणवळण संस्थेकडे. तिच्या हातून प्रकल्प फसला, तर कल्पनाच कायमची बदनाम होईल, हे ओळखून बॅरन यांनी १९६६ मध्ये तो थांबवण्याचा सल्ला दिला. स्वतःच्या कामाबाबत एवढा अलिप्तपणा दाखवणे सोपे नसते.

ब्रिटनमध्ये डोनाल्ड डेव्हिस यांनी १९६५ च्या सुमारास स्वतंत्रपणे हीच पद्धत शोधली व तुकड्यांना ‘पॅकेट’ हे नाव दिले. १९६७ मध्ये त्यांच्या सहकाऱ्यांकडून बॅरन यांच्या कामाचा दाखला अर्पानेटच्या आखणीत गुंतलेल्या लॉरेन्स रॉबर्ट्स यांच्यापर्यंत पोहोचला आणि १९६९ मध्ये अर्पानेट सुरू झाले. इंटरनेट अणुयुद्धासाठी बांधले गेले, ही आख्यायिका येथूनच उगवली. ती अर्धीच खरी आहे. अर्पानेटचा हेतू संशोधकांनी संगणक वाटून वापरावेत हा होता. अणुहल्ल्याचा विचार बॅरन यांच्या आराखड्यात होता.

पुढील आयुष्य त्यांनी उद्योजकतेत घालवले. मोडेम, केबल, विमानतळांवरील शस्त्रशोधक चौकट, किती तरी गोष्टींत त्यांचा हात होता. त्यांतील एका कंपनीची कथा येथे महत्त्वाची. १९८५ मध्ये ते मेट्रिकॉमच्या संस्थापकांपैकी एक झाले. विजेचे मीटर दुरून वाचण्याच्या उद्योगातून या कंपनीने १९९४ मध्ये ‘रिकोशे’ ही सेवा काढली. रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबांवर बुटाच्या खोक्याएवढी रेडिओ यंत्रे बसवायची, वीज त्याच खांबावरून घ्यायची. ९०० मेगाहर्ट्झच्या परवानामुक्त पट्ट्यात लहरी बदलत ही यंत्रे एकमेकांना निरोप देत आणि तारेने जोडलेल्या ठिकाणापर्यंत तो नेऊन सोडत. लॅपटॉप घेऊन बागेत बसावे आणि इंटरनेट पाहावे, हे सॅन फ्रान्सिस्को परिसरात तेव्हाच शक्य झाले होते.

तंत्र चालले, कारभार मात्र जड गेला. केंद्राविना जाळे स्वतःची वाट शोधते, पण खांबावर शिडी लावायला माणूस लागतो, नगरपालिकेची परवानगी लागते आणि पहिला ग्राहक येण्याआधी अख्खे शहर यंत्रांनी भरावे लागते. अनेक शहरांत एकदम पसरण्याच्या नादात कंपनीवर प्रचंड कर्ज चढले. ग्राहक मात्र पन्नास हजारांच्या आसपासच राहिले. जुलै २००१ मध्ये तिने दिवाळखोरी जाहीर केली, ऑगस्टमध्ये सेवा थांबली. पुढच्याच महिन्यात न्यूयॉर्कवर हल्ला झाला. तेव्हा कंपनीच्या माजी कर्मचाऱ्यांनी खांबांवर तशीच राहिलेली यंत्रे मदतपथकांसाठी पुन्हा जागी केली.

भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला आणि त्याच वर्षी हिमाचलातील धरमशाळेच्या डोंगरउतारांवर मेश जाळे उभे राहू लागले. बॅरन यांना १९९१ मध्ये मार्कोनी पारितोषिक आणि पुढे अमेरिकेचे राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक मिळाले. २६ मार्च २०११ रोजी पालो आल्टो येथे वयाच्या ८४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. वाय-फाय यंत्रांच्या मेश जाळ्यासाठीचे ८०२.११ एस हे मानक त्याच वर्षी संमत झाले.