पानांचा हिशेब ठेवणारा माणूस : टॉम किलबर्न

ऑपरेटिंग सिस्टीमच्या पेपरात पेजिंगवर प्रश्न येतो म्हणजे येतोच. पेज टेबल काढा, पेज फॉल्ट समजावून सांगा, एलआरयूने किती फॉल्ट होतात ते मोजा. आपण आदल्या रात्री ते घोकतो आणि पेपर झाला की कँटीनपर्यंत पोहोचेतो विसरतो. पण मेमरीची ही पानं पाडली कोणी, हे नोट्समध्ये नसतं. त्या माणसाचं नाव टॉम किलबर्न.

जन्म ११ ऑगस्ट १९२१चा, इंग्लंडमधल्या यॉर्कशायरमध्ये, ड्यूजबरी या लोकरीच्या गिरण्यांच्या गावी. केंब्रिजला गणित शिकले. १९४२ साली युद्धकाळातल्या रडार संशोधनासाठी माल्व्हर्नला फ्रेडी विल्यम्स यांच्या हाताखाली दाखल झाले. तेव्हा इलेक्ट्रॉनिक्स त्यांना जवळजवळ येत नव्हतं! जे शिकले ते तिथे, काम करता करता.

१९४६ मध्ये विल्यम्सनी टीव्हीसारख्या कॅथोड रे ट्यूबच्या पडद्यावर एक बिट साठवून दाखवला. पडद्यावरचा विद्युतभार क्षणात विरून जातो, म्हणून तो विरायच्या आत वाचून पुन्हा लिहायचा. (आपल्या डीरॅमचं रिफ्रेश आठवलं ना? कल्पना तीच.) त्याच वर्षाअखेर विल्यम्स प्राध्यापक होऊन मँचेस्टरला गेले आणि किलबर्नही पाठोपाठ गेले. १९४७ संपेपर्यंत किलबर्ननी एका ट्यूबवर २०४८ बिट बसवले. आता ही मेमरी खऱ्या कॉम्प्युटरच्या वेगात टिकते का, हे बघायला कॉम्प्युटर हवा. तो कुठे होता? मग स्वतःच बांधला. ज्योफ टूटिल यांना बरोबर घेऊन उभं केलेलं हे यंत्र पुढे ‘बेबी’ म्हणून ओळखलं गेलं. मेमरी ३२ बिटांचे ३२ शब्द, म्हणजे सगळी मिळून १२८ बाइट. २१ जून १९४८ रोजी त्यावर किलबर्ननी लिहिलेला प्रोग्रॅम चालला. २ च्या १८ व्या घाताचा सर्वांत मोठा विभाजक शोधायचा, तोही एकेक आकडा खाली उतरत आणि भागाकाराऐवजी वजाबाक्या करत. सूचना १७, वेळ ५२ मिनिटं आणि उत्तर बरोबर. मेमरीत साठवलेला प्रोग्रॅम इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटरने चालवण्याची ही पहिली वेळ.

पुढच्या यंत्रांत जागा वाढवायला फिरता मॅग्नेटिक ड्रम आला आणि नवीन डोकेदुखी सुरू झाली. ड्रम मोठा पण संथ, आतली मेमरी चपळ पण इवलीशी. कुठला तुकडा कधी आत आणायचा आणि कुठला बाहेर टाकायचा, हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानेच ठरवायचं. निम्मं डोकं गणितात, निम्मं सामान हलवण्यात. १९५४ मध्ये टोनी ब्रूकर यांच्या ऑटोकोडने हा त्रास काही अंशी झाकला, पण तो सॉफ्टवेअरमधून, वेगाची किंमत मोजून.

किलबर्नना हे काम यंत्राकडेच सोपवायचं होतं. १९५६ च्या सुमारास सुरू झालेला प्रकल्प पुढे फेरांटी कंपनीच्या सहभागाने ‘अ‍ॅटलास’ झाला. मँचेस्टरच्या अ‍ॅटलासमध्ये कोअर मेमरी होती १६,३८४ शब्दांची आणि ड्रमवर होते ९८,३०४ शब्द. किलबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्हींची ५१२ शब्दांची एकसारखी पानं पाडली. सगळी पानं एका मापाची, त्यामुळे कुठलंही पान कुठल्याही रिकाम्या जागेत बसतं. मध्येमध्ये निरुपयोगी फटी राहत नाहीत. वाया जातो तो फार तर शेवटच्या पानाचा उरलेला भाग. कोअरमधल्या ३२ पानांसाठी ३२ रजिस्टर होती. पत्ता आला की सगळी एकदम तपासायची. पान सापडलं तर ठीक, नाहीतर यंत्र थांबून ड्रमकडे धावणार.

खरी जोखीम इथे होती. कोअर मायक्रोसेकंदांत उत्तर देते, ड्रमला मिलिसेकंद लागतात. चुकीचं पान बाहेर टाकलं तर हजारपट दंड. म्हणून एक पान कायम रिकामं ठेवलेलं असायचं, म्हणजे नवीन पान लगेच आत येऊ शकेल. आणि बाहेर कोणाला काढायचं हे ठरवायला एक ‘शिकणारा’ प्रोग्रॅम होता. पान किती वेळ पडून आहे आणि मागच्या खेपेला किती वेळ पडून राहिलं होतं, याची तुलना तो करायचा. नेहमीपेक्षा जास्त वेळ पडून असेल तर त्याचं काम संपलं असं समजून ते बाहेर.

आपल्याकडे कमी सांगितली जाणारी गोष्ट म्हणजे सुपरवायझरची, म्हणजे आजच्या भाषेत कर्नलची, जागा. तो युजरच्या कोअरमध्ये पसरला तर उरणार काय? म्हणून त्याचा मुख्य कोड ८,१९२ शब्दांच्या कायम स्टोअरमध्ये, तारांच्या जाळीत फेराइटच्या बारीक काड्या खोवून पक्का केलेला! आणि त्याच्या स्वतःच्या नोंदींसाठी वेगळे १०२४ शब्द. बस्स.

ही काटकसर जुनी झालेली नाही. १९९४ मध्ये सोलॅरिससाठी जेफ बॉनविक यांनी स्लॅब अ‍ॅलोकेटर आणला. त्यातही पानाचे एका मापाचे कप्पे करून कर्नलची छोटी ऑब्जेक्ट्स दाटीने बसवायची हाच विचार. आणि पानांचा हिशेब ठेवायलाही जागा लागतेच. ६४ बिटच्या लिनक्समध्ये ४ केबीच्या प्रत्येक पानामागे साधारण ६४ बाइटची नोंद धरली, तर १६ जीबी रॅमवर नुसती वही २५६ एमबीची होते. किलबर्ननी ३२ रजिस्टरमध्ये भागवलं होतं.

७ डिसेंबर १९६२ रोजी अ‍ॅटलासचं उद्घाटन झालं. तरी अनेकांना पटेना. हुशार प्रोग्रॅमर हाताने जे करेल ते यंत्राला जमणार नाही, हा आक्षेप बरीच वर्षं टिकला. आणि तो अगदीच खोटा नव्हता, कोअर अपुरी पडली की पानांची नुसती ये-जा चालते. पण १९६९ मध्ये आयबीएमच्या डेव्हिड सेयर यांनी मोजमापं प्रसिद्ध केली आणि यंत्र माणसाच्या तोडीस तोड ठरलं. १९७२ मध्ये आयबीएमने सिस्टीम ३७० वर व्हर्च्युअल मेमरी जाहीर केली.

अ‍ॅटलास १९७१ मध्ये बंद झाला. किलबर्ननी मध्यंतरी १९६४ साली मँचेस्टरला कॉम्प्युटर सायन्सचा वेगळा विभाग काढला, १९६५ मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो झाले आणि एमयू ५ हे आणखी एक यंत्र बांधलं. बोलणं कमी, मिरवणं नाहीच, आणि मँचेस्टर युनायटेडची फुटबॉल मॅच मात्र चुकवायची नाही. १९८१ मध्ये ते निवृत्त झाले आणि त्याच वर्षी पत्नी आयरीन गेल्या.

जून १९९८ मध्ये बेबीला ५० वर्षं झाली म्हणून तिची प्रतिकृती बांधून मँचेस्टरमध्ये चालवण्यात आली. किलबर्न आणि टूटिल दोघेही हजर होते. १७ जानेवारी २००१ रोजी मँचेस्टरमध्येच किलबर्न वारले. प्रतिकृती तिथल्या विज्ञान संग्रहालयात आहे.