ल शातेलिए: सिमेंट, वाळू आणि आग

बारावीच्या विद्यार्थ्यांना आंरी ल शातेलिए (१८५०–१९३६) ठाऊक असतात ते समतोलाच्या तत्त्वामुळे. पण या फ्रेंच रसायनतज्ज्ञाची १८८७ ची डॉक्टरेट सिमेंटवरची. सिमेंट पाण्याने घट्ट होताना त्यात चुना सुटतो, हे त्यांनी उलगडले. भट्टीची धग मोजणारे प्लॅटिनम-ऱ्होडियमचे थर्मोकपलही त्यांचेच. १८८९ मध्ये त्यांना आढळले, की वाळूतले क्वार्ट्‌झ ५७३ अंश सेल्सिअसच्या सुमारास एकाएकी फुगते.

आगीत काँक्रीटचे नेमके हेच होते. चारशे अंशांपुढे चुन्यातले पाणी उडते, मग वाळू फुगते. खांब उभा दिसतो, पण त्याची ताकद निम्म्यावर आलेली असू शकते. आत शिरलेल्या अग्निशमन जवानांचा जीव त्यावरच टांगलेला. फ्लाय ॲशच्या जिओपॉलिमर काँक्रीटमध्ये हा चुना जवळपास नसतो, त्यामुळे ते सहसा जास्त तग धरते. वाळू मात्र त्यातही तीच, ५७३ अंशांना फुगणारी.