शिवशरणी अक्कमहादेवी

ईश्वरभक्तीच्या इतिहासात स्त्रियांची नावे पुष्कळ आढळतात. परंतु राजगृहाचे वैभव नाकारून, अंगावरील वस्त्राचाही त्याग करून, एकटीने शेकडो मैलांची वाट चालून विद्वज्जनांच्या सभेत निर्भयपणे उभी राहिलेली स्त्री विरळाच. बाराव्या शतकातील शिवशरणी अक्कमहादेवी ही अशी एक स्त्री होय. कानडी भाषेतील आद्य थोर कवयित्रींत तिची गणना होते. तिच्या चरित्रातील सर्वांत कसोटीचा प्रसंग ज्या नगरीत घडला, असे परंपरा सांगते, ती कल्याणनगरी म्हणजेच आजच्या कर्नाटकातील बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण.

गोमंतकातील देवस्थानांच्या कुळांस ही नगरी अगदीच परकी नव्हे. कल्याणच्या चालुक्यवंशातील सम्राट सहावा विक्रमादित्य (१०७६ ते ११२६) ह्याची कन्या मैलळदेवी ही श्रीसप्तकोटीश्वराचे परमभक्त असलेल्या गोव्याच्या कदंबांच्या घरी, दुसऱ्या जयकेशीची राणी म्हणून नांदली. विक्रमादित्याचा पुत्र तिसरा सोमेश्वर ह्याने रचलेल्या ‘मानसोल्लास’ ह्या संस्कृत ग्रंथात मराठी पद्याचे फार जुने नमुने सापडतात. आजही बसवकल्याण, भालकी, औराद आणि शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यातील आळंद ह्या भागांत कानडी व मराठी ह्या दोन्ही भाषा एकाच बाजारात, पुष्कळदा एकाच घरात, बोलल्या जातात. पंढरीची वाट आणि श्रीशैलाची वाट अशा दोन्ही वाटा ह्या भूमीला ठाऊक आहेत.

ह्याच कल्याणच्या राजसभेत विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवरील ‘मिताक्षरा’ ही सुप्रसिद्ध टीका लिहिली. पुत्राचा वडिलोपार्जित संपत्तीवरील हक्क जन्मतःच उत्पन्न होतो, हा तिचा सिद्धान्त पुढे भारताच्या बहुतेक भागांत शतकानुशतके प्रमाण मानला गेला. स्त्रीधनाची व्याख्या विज्ञानेश्वराने उदारपणे केली आणि विभक्त झालेल्या निपुत्रिक पुरुषाच्या विधवेलाही वारसा दिला, हे त्याचे ऋण मान्य केलेच पाहिजे. तथापि त्या व्यवस्थेत स्त्रीची ओळख कन्या, पत्नी, माता अथवा विधवा अशी कोणत्या तरी पुरुषाच्या नात्यानेच ठरत असे. जन्मसिद्ध समान हक्क हिंदू कन्येस देशभर मिळण्यास २००५ सालची कायदेदुरुस्ती यावी लागली. ‘मिताक्षरा’ लिहिली गेल्यानंतर थोड्याच दशकांनी, ह्यांपैकी एकही नाते पुढे न करणारी एक तरुणी त्याच नगरीच्या वेशीपाशी येऊन उभी राहिली.

महादेवीचा जन्म उडुतडी ह्या गावचा. आजच्या शिवमोग्गा जिल्ह्यातील शिकारीपूर तालुक्यात हे स्थान दाखविले जाते. तिचे मातापिता शिवभक्त होते. परंपरा त्यांची नावे निर्मलशेट्टी आणि सुमती अशी सांगते. बालपणीच गुरूकडून इष्टलिंगाची दीक्षा घेतलेल्या महादेवीने चन्नमल्लिकार्जुन ह्या नावाने शिवाला आळविले आणि त्यालाच मनाने वरले. तिच्या सर्व वचनांच्या अखेरीस मुद्रा म्हणून हेच नाव येते. जो जन्मला नाही व ज्याला मरण नाही असा पती मिळाल्यावर नाशवंत पतीचे प्रयोजन काय, अशी तिची भूमिका होती. मधुराभक्तीची ही भाषा भारतातील इतर संतस्त्रियांच्या वाणीतही ऐकू येते. महादेवीचे वेगळेपण हे की, तिने ती भाषा शब्दशः जगून दाखविली.

तेथील राजा कौशिक ह्याची दृष्टी तिच्या रूपावर पडली आणि त्याने तिला मागणी घातली. पुढे काय घडले ह्याविषयी जुन्या चरित्रकारांत एकवाक्यता नाही. महादेवीनंतर फार काळ लोटण्यापूर्वी हरिहर कवीने तिचे चरित्र आपल्या ‘रगळे’ काव्यात गायिले. त्याच्या मते राजसत्तेच्या दडपणाखाली मातापित्यांवर संकट येऊ नये म्हणून तिने विवाहास मान्यता दिली, परंतु तीन अटी घातल्या. शिवपूजेत, शरणांच्या संगतीत आणि गुरुसेवेत राजाने अडथळा आणू नये, अशा आशयाच्या त्या अटी होत्या. राजाने त्या मोडल्या आणि वचनभंग होताच ती राजवाड्यातून बाहेर पडली. पंधराव्या शतकातील चामरस कवीने ‘प्रभुलिंगलीले’त मात्र विवाह झालाच नाही असे दाखविले. त्याची महादेवी अविवाहित राहूनच राजगृह सोडते.

हा भेद केवळ पंडितांच्या वादाचा विषय समजू नये. सासर सोडून निघालेली विवाहिता आणि कधीच विवाह न केलेली कुमारिका ह्या दोघींकडे समाज एकाच नजरेने पाहत नाही. दुसरी वंदनीय ठरू शकते. पहिलीला आधी जाब द्यावा लागतो. काळ जसजसा लोटला तसतशी महादेवीची कथा समाजाला पचेल अशा वळणाने सांगितली जाऊ लागली, असे मानण्यास येथे जागा आहे. हरिहराच्या कथेतील स्त्री अधिक अडचणीची आहे, आणि म्हणूनच ती अधिक मोठी वाटते. तिने करार केला, तो पाळला आणि समोरच्याने मोडला तेव्हा त्यातून मोकळी झाली. पतीने वचन मोडले तरी पत्नीने ते निभवावे, ही रूढ समजूत तिने मानली नाही.

राजगृह सोडताना तिने अलंकार टाकले, वस्त्रेही टाकली. लांब केशसंभार एवढेच तिचे आवरण उरले. दिगंबर साधू ह्या देशाने पुष्कळ पाहिले होते आणि त्यांच्यापुढे मस्तकही लवविले होते. पुरुषाच्या बाबतीत जे वैराग्याचे लक्षण ठरे, तेच स्त्रीच्या बाबतीत निर्लज्जपणाचे ठरावे, हा न्याय महादेवीला मान्य नव्हता. कुलीन घराण्याची लाज घरातील स्त्रीच्या वस्त्रात गुंडाळून ठेवलेली असते आणि ती सांभाळण्याचे ओझे तिनेच वाहायचे असते, ह्या समजुतीवरच तिने घाव घातला. सर्वव्यापी परमेश्वर अंतर्बाह्य पाहत असताना काय झाकावे आणि कोणापासून झाकावे, हा प्रश्न तिच्या वचनांतून निरनिराळ्या रूपांनी येतो.

उडुतडीपासून कल्याणपर्यंतचा प्रवास आजच्या काळातही लहान नाही. रानावनांतून, नद्या ओलांडीत, एकाकी तरुणीने तो पायी केला. भूक लागली तर गावात भिक्षा आहे, तहानेला विहिरी आणि ओढे आहेत, निजावयास ओसाड देवळे आहेत आणि सोबतीला ईश्वर आहे, अशा निश्चिंत वृत्तीने ती चालली. वाटेत तिची टवाळी झाली, तिच्यामागे पुरुषही लागले. त्यांना तिने शापिले नाही. मातेने समजवावे तशा शब्दांत परत पाठविले.

कल्याणात त्या वेळी मोठी उलथापालथ चालली होती. ११५७ च्या सुमारास कलचुरी वंशातील बिज्जलाने चालुक्यांची सत्ता आपल्या हाती घेतली होती. त्याचे मंत्रिपद सांभाळणाऱ्या महात्मा बसवेश्वरांच्या भोवती शिवशरणांचा मेळा जमला होता. अनुभवमंटप ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्यांच्या सभेत जातीची व व्यवसायाची उच्चनीचता मानली जात नसे. बसवेश्वरांची भगिनी अक्कनागम्मा, पत्नी गंगांबिका व नीलांबिका, धान्याचे कण वेचून निर्वाह करणारी आयदक्की लक्कम्मा, वेश्यावृत्तीतून आलेली सूळे संकव्वा अशा स्त्रिया तेथे केवळ श्रोत्या म्हणून बसत नव्हत्या. त्यांनी स्वतः वचने रचली आहेत. शरणांच्या त्या पिढीतील तीसांहून अधिक स्त्रियांची वचने आज उपलब्ध आहेत. इतक्या संख्येने स्त्रिया एकाच काळी बोलत्या झाल्याचे उदाहरण जुन्या भारतीय वाङ्मयात क्वचितच मिळेल.

एवढ्या उदार सभेतही महादेवीला सहज प्रवेश मिळाला नाही. ‘शून्यसंपादने’ ह्या पंधराव्या शतकातील ग्रंथात हा प्रसंग विस्ताराने आला आहे. प्रथम किन्नरी बोम्मय्याने तिची परीक्षा पाहिली. पुढे सभेचे अध्यक्ष अल्लमप्रभू ह्यांनी तिला तिचा पती कोण असे विचारले. स्त्रीची ओळख विचारण्याची जगाची रीत तीच होती. चन्नमल्लिकार्जुनाशी आपला विवाह झाला आहे, ह्या तिच्या उत्तराने अल्लमप्रभूंचे समाधान झाले नाही. देहभाव गळाला म्हणून वस्त्र टाकले असेल, तर अंग केसांनी झाकण्याचे कारण काय, असा मर्मभेदी प्रश्न त्यांनी केला. महादेवी डगमगली नाही. हे आवरण आपल्या लाजेपोटी नसून, पाहणाऱ्याच्या मनात विकार उत्पन्न होऊन त्याला पीडा होऊ नये म्हणून आहे, अशा आशयाचे उत्तर तिने दिले. दोष कोठे वसतो, हे तिने एवढ्यातच दाखवून दिले.

प्रश्नोत्तरे लांबली. अखेरीस अल्लमप्रभूंनी तिची योग्यता मान्य केली आणि बसवेश्वरादी शरणांनी तिला वंदन केले. वयाने लहान असलेल्या त्या तरुणीला सर्वजण अक्का, म्हणजे थोरली बहीण, म्हणू लागले. हा फार मोठा सन्मान होता, ह्यात शंका नाही. परंतु सूक्ष्म विचार करणाऱ्याला त्यात आणखी एक गोष्ट दिसेल. जिने कन्या व पत्नी ही दोन्ही नाती बाजूला सारली, तिला समाजाने तिसरे एक नाते देऊनच आपल्यात घेतले. नात्यावाचून मोकळ्या असलेल्या स्त्रीसाठी भाषेत शब्दच नव्हता. तरीही अक्का हा शब्द निवडून शरणांनी तिला आपल्याहून वडील मानले, एवढे श्रेय त्यांना द्यावेच लागते.

कल्याणात ती कायमची राहिली नाही. मान मिळाल्यावर तेथेच स्थिरावणे सोपे होते. पण अनुयायांचा परिवार वा मठ ह्यांची तिला ओढ नव्हती. ती श्रीशैलाकडे निघाली. कृष्णाकाठच्या त्या पर्वतावर श्रीमल्लिकार्जुनाचे ज्योतिर्लिंग आहे, आणि तेथील कदळीवनात ती शिवैक्य पावली असे भाविक मानतात. अक्कमहादेवीच्या नावाची गुंफा आजही त्या परिसरात दाखविली जाते.

तिकडे कल्याणातील शरणांचा मेळाही फार काळ टिकला नाही. चर्मकार कुळातील हरळय्याच्या पुत्राचा ब्राह्मण कुळातील मधुवरसाच्या कन्येशी विवाह झाला आणि त्या अपराधासाठी दोन्ही पित्यांना देहान्त शिक्षा देण्यात आली, असे परंपरा सांगते. ११६७ च्या सुमारास बिज्जलाचा अंत झाला, शरण चहूकडे पांगले. समता सभेत बोलली जात होती तोवर राजसत्तेने ती सोसली. ती लग्नमांडवात उतरताच मात्र शस्त्रे निघाली. रूढीचा खरा पहारा घराच्या उंबरठ्यावर असतो. अक्कमहादेवीने तो उंबरठा त्याआधीच ओलांडलेला होता.

मराठी वाचकाला येथे मंगळवेढ्याच्या संत कान्होपात्रेचे स्मरण व्हावे. बसवेश्वरांच्या चरित्रातही मंगळवेढ्याचे नाव येते, आणि कान्होपात्रेच्या कथेतील बादशहा बिदरचाच आहे. गणिकेच्या पोटी जन्मलेल्या कान्होपात्रेने आईचा व्यवसाय नाकारला आणि बादशहाचे बोलावणेही नाकारले. पंढरीच्या राउळात श्रीविठ्ठलाच्या चरणी तिने देह ठेवला. एकीसाठी राजाचा वाडा, दुसरीसाठी बादशहाचा दरबार. काळ निराळा, भाषा निराळी, मागणी मात्र एकच. आपल्या देहावर व आयुष्यावर आपली मालकी आहे, एवढे सांगण्यासाठी दोघींनाही देवाचा आश्रय घ्यावा लागला, कारण माणसांच्या व्यवस्थेत तशी जागाच नव्हती. कान्होपात्रेला ती जागा मृत्यूने दिली. अक्कमहादेवीने ती चालत जाऊन मिळविली.

अक्कमहादेवीच्या नावावर निरनिराळ्या संपादकांनी साडेतीनशेपासून चारशेतीसपर्यंत वचने संगृहीत केली आहेत. ‘योगांगत्रिविधी’ ही रचनाही तिचीच मानली जाते. ए. के. रामानुजन ह्यांच्या १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी अनुवादाने तिची वाणी जगभर पोचली. विजापूर, म्हणजे आताचे विजयपूर, येथे २००३ साली स्थापन झालेल्या महिला विद्यापीठास २०१७ साली तिचे नाव देण्यात आले. बसवकल्याण येथे नव्या अनुभवमंटपाची कोनशिला २०२१ साली बसविण्यात आली.

देवालयाच्या गाभाऱ्याशी वंशपरंपरेने बांधलेल्या कुळांनी ह्या चरित्राचे मनन करताना एक गोष्ट ध्यानी घ्यावी. आठशे वर्षांपूर्वीच्या अक्कमहादेवीला वंदन करणे आज कोणालाच जड जात नाही. जड जाते ते आपल्याच घरातील एखाद्या मुलीने ठरलेले स्थळ नाकारले, मोडलेल्या संसारातून पाऊल बाहेर टाकले, अथवा लग्नावाचून आपले काम करीत जगण्याचे ठरविले म्हणजे. उडुतडीच्या त्या शिवभक्त मातापित्यांवरही हीच वेळ आली होती. लोकनिंदा व राजभय ह्यांच्या कात्रीत ते सापडले होते, आणि त्यांची सुटका व्हावी म्हणून कन्येलाच अटी घालून विवाह पत्करावा लागला, असे हरिहर सांगतो. मातापित्यांच्या रक्षणाचा भार लेकीवर पडावा, ह्यापेक्षा लेकीच्या पाठीशी कुळाने उभे राहावे, हे केव्हाही अधिक शोभादायक. कल्याणच्या सभेने आधी कठोर प्रश्न विचारले, पण तिची उत्तरेही अखेरपर्यंत ऐकून घेतली आणि ती पटल्यावर मस्तक लवविले. कुळाच्या सभेला ह्याहून चांगला दाखला मिळणे कठीण.